सम्राटची गुंडाळी

पन्हाळ्याचा डोंगर उतरत उतरत जिथं सपाटीला लागतो आणि कासारी नदीकाठची शिवारं सुरू होतात, तिथं एक जुनी राई आहे. देवाची राई, म्हणून तिच्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. ऐन, हिरडा, जांभूळ अशी झाडं दाटीवाटीनं उभी असतात आणि भर दुपारीही खाली संध्याकाळ असते. त्या राईत, सगळ्यात थोराड जांभळाच्या मुळाशी बीळ करून सम्राट राहायचा.

सम्राट हे खवले मांजर. मांजर नुसतं नावाला. मांजराशी त्याचं काही नातं नाही. अंगभर सुपारीच्या फोडीएवढे कडक खवले, लांबुळकं तोंड, तोंडात दात एकही नाही, पण जीभ अशी लांब की वारुळात पार आतपर्यंत जावी. मुंग्या आणि वाळवी हे त्याचं जेवण. पुढच्या पायांना वाकडी, दणकट नखं. त्यांनी तो माती अशी उकरायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं. चिलखत घालूनच जन्माला आलेलं पोर, म्हणून आईनं मोठ्या हौसेनं त्याचं नाव सम्राट ठेवलं. पण चिलखताच्या आत जे होतं ते भलतंच भित्रं निघालं.

जांभूळ टपकलं की तो दचकायचा. पाचोळ्यात सरडा सळसळला की दचकायचा. खालच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर कर्णा लावून गाणी वाजवत जायचे, तेव्हा तर तो दोन्ही पायांत तोंड खुपसायचा. आणि भीती वाटली की काय करायचं, हे त्याला आईनं फार लवकर शिकवलं होतं. डोकं पोटात, पोट शेपटीत, आणि गप. की झाला गोळा. बाहेर सगळे खवले, आत सम्राट.

ही गुंडाळी काही लेचीपेची नव्हती. तो लहान असताना एकदा बिबट्या आला होता. आईनं सम्राटला पोटाशी घेतलं आणि त्याच्याभोवती स्वतःची गुंडाळी केली. बिबट्यानं त्यांना पंजानं लोळवलं, चावून पाहिलं, उतारावरून ढकललं. आत अंधारात सम्राटला फक्त आईचं काळीज ऐकू येत होतं, धडधड, धडधड. शेवटी बिबट्या कंटाळला आणि निघून गेला. त्या दिवसापासून सम्राटच्या मनात पक्कं बसलं: गुंडाळीच्या आत कुणी येऊ शकत नाही. पुढं आई गेली, तरी हा धडा राहिला.

त्याला दोघे मित्र होते. एक केरबा साळिंदर. वयानं थोर, अंगावर काटे, आणि बोलणंही तसंच. तो चालायला लागला की काटे खळखळ वाजायचे आणि बोलायला लागला की गावच्या सरपंचानं बोलावं तसं बोलायचा. दुसरी तानाबाई सशीण. तिचे पाय चपळ आणि जीभ त्याहून चपळ. तिघं संध्याकाळी राईच्या कडेला एका सपाट खडकावर जमायचे. केरबा सांगायचा, तानाबाई त्याची टिंगल करायची आणि सम्राट मधे बसून मुंग्या टिपत ऐकायचा. त्या खडकावर बसलं की त्याला भीती जरा कमी वाटायची.

पण थंडी आली आणि खडक ओस पडला.

झालं असं, की थंडीत राईतलं गवत वाळलं, ओढा बारीक झाला, आणि एके दिवशी केरबा खालच्या उसात शिरला तो तोंड गोड करूनच आला. त्या दिवसापासून तो तिथंच राहायला लागला. सम्राटलाही चल म्हणाला.

"अरं, हे बी रानच की," तो म्हणाला. "माणसांनी लावलंय, एवढंच. वर सावली, खाली गारवा आणि मुळाशी गूळ. आणि काय पायजे तुला?"

तानाबाईलाही ते पटलं. तिचे दिवस भरत आले होते आणि राईतल्या उघड्या गवतात तिला पोरं घालायची नव्हती. ती उसात गेली आणि तिला तिथं दोन पिल्लं झाली, एक थोरला आणि एक धाकली. सम्राट तेवढा गेला नाही. उसाचं रान सारखं बोलतं. वारा असो नसो, पात्यावर पातं घासतच असतं. अशा ठिकाणी झोप कशी लागायची? तो आपला जांभळाखाली राहिला, आणि दिवस कलला की बांधापर्यंत जाऊन उभा राहायचा. केरबा आणि तानाबाई उसातून बाहेर यायचे, घटकाभर गप्पा व्हायच्या, आणि पुन्हा ते हिरव्या भिंतीत नाहीसे व्हायचे.

अशाच एका गप्पांत सम्राटनं भीत भीत विचारलं होतं, की हा ऊस माणसं तोडतात म्हणे, मग तुम्ही काय करणार? केरबानं काटे खळखळवले. त्यानं याचा सगळा अभ्यास केला होता. ऊस तोडायच्या आधी माणसं त्याचं पाणी तोडतात, असं त्यानं समजावून सांगितलं. जमीन वाळू देतात, म्हणजे रस दाट होतो. तेव्हा सरीत पाणी आहे तोवर खुशाल झोपावं. पाणी बंद झालं, माती भेगाळली, की बाडबिस्तरा उचलावा आणि राईत यावं.

ही गोष्ट खोटी नव्हती. म्हणूनच तिनं सगळ्यांना फसवलं.

बांधाजवळच्या मुरमाड तुकड्यावर आक्का नावाची टिटवी राहायची. ती कशालाही ओरडायची. कुत्रं दिसलं तरी, गाय दिसली तरी, ढगाची सावली पडली तरी. त्यामुळं तिचं कुणी मनावर घेत नसे. एका सकाळी राईवर काळे पापुद्रे पडले. हलके, पिसासारखे, हाताला लागले की त्यांची काजळी होई. सम्राटनं हुंगून पाहिलं. जळक्या पानाचा वास होता. आक्का त्या दिवशी नदीपलीकडून आली होती. ती सांगत होती की पलीकडचं उसाचं रान संध्याकाळी होतं आणि सकाळी नव्हतं. नुसती काळी थोटकं उभी. आदल्या दिवशी माणसांनी रानाच्या कडेनं पट्टा तोडून मोकळा केला होता, तेही तिनं पाहिलं होतं.

केरबाला हे कळलं तेव्हा तो हसला. आक्काचं ऐकायचं म्हटलं तर रोज सकाळी जग बुडतं, असं म्हणाला. सम्राटही खाली बघून मुंग्या टिपत राहिला. पण तो काळा वास त्याच्या नाकातून गेला नाही.

आणि मग तो दिवस आला. थंडीमुळं मुंग्या खोल गेलेल्या, पोट रिकामं, म्हणून सम्राट ऊन असतानाच बांधावर आला होता. एकदम माणसांचा आवाज आला. पळायला वेळ नव्हता. त्यानं बांधाखालच्या गवतात गुंडाळी केली आणि एका फटीतून नाक तेवढं बाहेर ठेवलं.

माणसं उसाच्या कडेची ओळ कोयत्यानं सपासप तोडत होती. तोडलेला ऊस बाजूला टाकत होती, खालचा वाळका पाला आत लोटत होती. मग कुणीतरी मोटार चालू केली आणि बांधालगतच्या सरीत पाणी आलं. थंड, मातीचा वास घेऊन आलेलं पाणी. एक म्हातारा बांधावर बसून विडी ओढत होता आणि धूर कुठं जातो ते बघत होता. त्यानं उसाचं एक वाळकं पान हातात चुरलं. त्याचा भुगा झाला.

"वारं पडू दे," तो म्हणाला. "दिवस मावळला की बघू."

माणसं गेली, तरी सम्राट बराच वेळ उलगडला नाही. त्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना भिडत होत्या. आक्कानं सांगितलेला पट्टा समोर होता. आणि केरबानं सांगितलेलं पाणीही समोर होतं. मग त्याच्या ध्यानात आलं, की पाणी सगळ्या रानाला नाही सोडलेलं. फक्त कडेच्या सरीला सोडलंय, शेजाऱ्याच्या उसाच्या बाजूला. कडेला पाणी कशासाठी सोडतात? कडेला काहीतरी थांबावं म्हणून.

त्याचे खवले एकदम उभे राहिले.

तो राईकडं वळला. जांभूळ, बीळ, अंधार, सगळं तिकडं होतं. चार पावलं गेलाही. पण आत तानाबाईची पिल्लं होती. तो परत फिरला आणि आयुष्यात पहिल्यांदा उसात शिरला.

आत सगळीकडून आवाज येत होते. वाळकी पाती त्याच्या खवल्यांवर खर्रर्र करून घासत होती. काही पुढं पळत होतं, काही मागून येत होतं; उंदीर असतील, पण सम्राटला ते कळायला मार्ग नव्हता. पुन्हा पुन्हा त्याची गुंडाळी व्हायची, आणि पुन्हा पुन्हा तो ती सोडून पुढं जायचा. पायाखाली पाल्याची जाड गादी होती. कोरडी. पाऊल टाकलं की मोडायची. प्रत्येक पावलाला त्याला म्हाताऱ्याच्या हातातला तो भुगा आठवत होता.

केरबा एका बुडख्याशी ऊस चघळत बसला होता. सम्राटला उसात पाहून तो चघळायचं थांबला. सम्राटनं धापा टाकत सगळं सांगितलं: पट्टा, विडी, पाणी. केरबानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पुढच्या पायानं बांधाकडं दाखवलं.

"पाणी पाजाय लागल्यात म्हणतोस, आणि वर जाळणार म्हणतोस? कसला रं तू, लेका? पाणी हाय तोवर रान हाय. कितींदा सांगू?"

"कडंलाच सोडलंय, केरबाकाका. मधे न्हाय."

"हळूहळू मधे बी येतंय की पाणी. त्याला काय पाय हायत व्हय, पळत याला?"

तेवढ्यात तानाबाई आली. कडेच्या सरीत पाणी आल्यामुळं तिनं पिल्लांना नुकतंच तोंडात धरून पलीकडच्या कोरड्या वरंब्यावर आणून ठेवलं होतं, त्या कटकटीनं ती वैतागली होती. सम्राटचं ऐकून तिचे कान क्षणभर ताठ झाले. पण केरबा हसत होता, आणि सम्राट तर सरड्यालाही भिणारा. तिचे कान पुन्हा पडले. दिवसभर दूध पाजून तिला भूक लागली होती. पलीकडच्या रानात हरभरा कोवळा होता. ती म्हणाली, एवढं खाऊन येते, मग बघू. आणि जाता जाता तिनं टोमणा मारला, की एवढाच घोर लागला असेल तर बस माझ्या पोरांजवळ. तुझ्यासारखा राखणदार असल्यावर त्यांना कसली भीती?

सम्राट खरंच जाऊन बसला.

पिल्लं वरंब्यावर पाल्यात चिकटून पडली होती. सशाच्या पोरांना आई पहिला धडा देते तो हाच: मी येईपर्यंत हलायचं नाही. कुणी आलं, काही झालं, तरी नाही. हललं की दिसतं आणि दिसलं की संपलं. थोरला डोळे मिटून पडला होता. धाकलीचे डोळे उघडे होते, पण बाकी ती मातीचं ढेकूळ वाटत होती. सम्राट त्यांच्या शेजारी बसला आणि त्यानं नाक वर केलं.

सूर्य पश्चिमेच्या डोंगरांच्या बाजूनं खाली गेला. पात्यांची सळसळ हळू झाली. मग थांबली. उसाचं रान गप्प झालं, आणि हे त्याच्या सगळ्या आवाजांपेक्षा भयंकर होतं. वारा पडला होता.

पहिल्यांदा वास आला. मग आक्काचं ओरडणं आलं, पण त्याला कुणी कान दिला नसता तरी चाललं असतं, कारण लगेच तडतड सुरू झाली. दिवाळीत खालच्या गावातून येते तशी तडतड, पण ही थांबत नव्हती आणि जवळ येत होती. उसाची कांडी फुटत होती. रानाचा वरचा भाग तांबडा झाला. समोरून उंदीर, सरडे, नाकतोडे, कसलेकसले जीव सुटले आणि सम्राटच्या अंगावरून पळाले. केरबा काटे खळखळवत धाडकन बाजूनं गेला. त्याला पिल्लं दिसली नाहीत, सम्राटही दिसला नाही. तो नुसता ओरडत होता, "पाणी हुतं की रं, पाणी हुतं की."

सम्राटनं डोकं पोटात घातलं. पोट शेपटीत घातलं. गप.

आत अंधार झाला आणि तडतड थोडी लांब गेली. बस, आता असंच राहायचं. येईल, लोळवील, कंटाळेल, जाईल. पण लोळवायला कुणी आलं नाही. आली ती ऊब. आधी उन्हासारखी, मग चुलीजवळ बसल्यासारखी. पाठीवरचे खवले तापू लागले. सम्राटनं गुंडाळी आणखी घट्ट आवळली, तर ती आवळेना. पोटाशी काहीतरी मऊ अडकलं होतं.

ती धाकली होती. आईनं हलू नको सांगितलं होतं, पण तिला पाठीमागून धग लागली होती आणि पुढं एक गोळा होता, त्यात एक फट होती. गोळा आवळायच्या आधी ती फटीत शिरली होती. आता अंधारात ती सम्राटच्या पोटाला चिकटली होती आणि तिचं काळीज वाजत होतं, धडधड, धडधड.

आईचं वाजायचं तसंच.

तेव्हा सम्राटला कळलं, की त्या दिवशी आईलाही भीती वाटत होती. आईचं काळीज धीरानं वाजत नव्हतं, भीतीनं वाजत होतं. आणि दुसरं कळलं ते हे, की बिबट्याला कंटाळा येतो, आगीला येत नाही.

उलगडण्यासारखं कठीण काम त्यानं कधी केलं नव्हतं. अंगातला प्रत्येक स्नायू नाही म्हणत होता. त्यानं आधी शेपटी सोडली, मग पोट, मग डोकं बाहेर काढलं. समोर उसाची भिंत लाल झाली होती. धुरानं काही दिसत नव्हतं. बांधाच्या बाजूनं माणसांचा गलका आणि कुत्र्यांचं भुंकणं येत होतं. उसातून निसटणारे ससे धरायला माणसं कुत्री आणतात. तिकडं कुत्री, इकडं आग. वर जायला त्याला पंख नव्हते. राहिली ती खालची वाट. आणि खाली जाणं, ही एकच गोष्ट अशी होती जी सम्राटला भीती न वाटता करता यायची.

पण इथल्या वरंब्यावर कोरडी, घट्ट माती. वर पाल्याची गादी. इथं उकरेपर्यंत सगळं संपलं असतं. ओली माती होती बांधाच्या पोटाला, पाण्याच्या सरीशी. ज्या पाण्यानं केरबाला फसवलं, त्याच पाण्याशी.

"चला," तो पिल्लांना म्हणाला.

थोरला हलला नाही. धाकलीही आता पुन्हा ढेकूळ झाली होती.

"चला रं पोरांनो, जळाल."

"आयनं सांगितलंय," थोरला डोळे मिटूनच म्हणाला. "हलायचं न्हाय."

सम्राटला रडू आलं. त्या पोराला काय सांगायचं? आईनं शिकवलेलं सोडणं किती अवघड असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि म्हणूनच बहुधा त्याला ते सुचलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "अजिबात हलू नका. नुसतं माझ्या शेपटीवर बसा आणि मग ढेकळागत ऱ्हावा. हलायचं काम माझं."

खवले मांजराची शेपटी रुंद असते, पाटासारखी. सम्राट लहान असताना आईच्या शेपटीवर बसूनच हिंडला होता. त्यानं शेपटी जमिनीला टेकवली. धाकली चढली. थोरल्यानं एक डोळा उघडला, बहीण बसलेली पाहिली, आणि तोही चढला. खवल्यांच्या फटीत पाय रोवून दोघं ढेकूळ होऊन बसली, आणि सम्राट त्यांना ओढत बांधाकडं निघाला.

मागून ठिणग्या येत होत्या. एक त्याच्या नाकावर पडली. त्याचं अंग गुंडाळायला लागलं. त्यानं ते ताठ धरलं, कारण आता गुंडाळला असता तर पिल्लं शेपटीवरून खाली पडली असती. धूर घशात जात होता. पायाला एकदम गार लागलं. पाणी. सरी ओलांडून तो बांधाच्या पोटाशी आला आणि त्यानं नखं मातीत घातली.

माती लोण्यासारखी निघाली. तो तिरपा वर उकरत गेला, म्हणजे पाणी आत येणार नाही. गवताची मुळं तुटत होती, दगड लागत होते, तो ते बाजूला फेकत होता. एवढ्या वेगानं त्यानं कधी उकरलं नव्हतं. वर, बांधाच्या माथ्यावर, एक कुत्रं येऊन थांबलं आणि त्याला पाहून गुरगुरलं. सम्राटचे पाय जागच्या जागी थिजले. कुत्रं खाली झेपावणार, तोच पलीकडून खळखळ आली. केरबा होता. तो पळून गेला नव्हता. बांधापलीकडं पोचून पुन्हा फिरला होता. त्यानं पाठ कुत्र्याकडं केली, सगळे काटे उभे केले आणि उलटा चालत आला. कुत्र्याच्या नाकाला काटा लागला आणि ते केकाटत माणसांकडं पळालं.

"उकर," केरबा म्हणाला. त्याचा आवाज सरपंचासारखा नव्हता. "मी हाय हितं. तू उकर."

बीळ झालं. सम्राटनं पिल्लांना नाकानं आत ढकललं, पार शेवटपर्यंत. आग पाण्याच्या सरीपर्यंत आली होती आणि तिची जीभ बांधाला चाटत होती. केरबा धगीनं मागं हटला. सम्राट उलटा आत शिरला, पुढच्या पायांनी माती ओढून त्यानं तोंड होईल तेवढं बुजवलं, आणि राहिलेल्या फटीला पाठ लावून गुंडाळी केली. डोकं पोटात, पोट शेपटीत. आता ती गुंडाळी लपण्यासाठी नव्हती. ते बिळाचं दार होतं.

पाठीवर आग आली तेव्हा तो ओरडला. पण दार उघडलं नाही.

तोडणी सोपी व्हावी म्हणून माणसं आधी पाला जाळतात, ती उसाची आग मोठी दिसते, तेवढी टिकत नाही. पाला खाल्ला की तिला खायला उरत नाही. थोड्या वेळानं तडतड विरळ झाली, मग लांब गेली, मग माणसांचे आवाजही घराकडं गेले. आत ओल्या मातीचा वास होता. दोन काळजं वाजत होती, आणि तिसरं त्याचं स्वतःचं, सगळ्यात मोठ्यानं.

तांबडं फुटलं तरी तानाबाई बांधावर बसून होती. आग लागली तेव्हा ती हरभऱ्यात होती. कुत्री मागं लागल्यानं ती बांधाजवळ येऊ शकली नव्हती, आणि आली तेव्हा रान नव्हतं. काळी थोटकं, पांढरी राख, आणि मधून निघणारा धूर. केरबानं तिला जागा दाखवली होती, पण ती उकरायला धजत नव्हती. न उकरलं तोवर आत पोरं जिवंत होती. केरबा बाजूला बसून होता. पाण्याबद्दल तो काही बोलला नाही. नंतरही कधी बोलला नाही.

बांधाची माती हलली. आधी नाक बाहेर आलं. मग काजळलेला सम्राट, आणि त्याच्या शेपटीवर, अजूनही न हलता बसलेली, दोन ढेकळं. आक्कानं ओरडायला चोच उघडली आणि पहिल्यांदाच काही न ओरडता मिटली.

तानाबाईनं पिल्लांना चाटून चाटून राख काढली. मग ती सम्राटकडं वळली. त्याच्या पाठीवरचे खवले कडेनं काळे पडून वाकले होते.  तिनं त्याचे खवलेही चाटले.

मग ट्रॅक्टर यायच्या आत ते सगळे राईत परतले.

सम्राट आता धीट झाला असेल असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही झालं नाही. जांभूळ टपकलं की तो अजून दचकतो आणि त्याचा गोळा होतो. परवाच एक वाळकी फांदी मोडून पडली, तर तो खडकावरच गुंडाळला. केरबा सांगत होता ती गोष्ट अर्धी राहिली. थोरला आता चांगला मोठा झालाय. तो गोळ्याला नाकानं ढोसायला निघाला. धाकलीनं त्याला अडवलं आणि गोळ्याला टेकून निवांत बसली.

"थांब जरा," ती म्हणाली. "काका भ्यालाय. भिऊन झालं की येतोय."